वाचक विचारतात : उपासना चालवताना काय ठरवून न्यावे, काय मोकळे ठेवावे?

या वेळच्या पत्रांत एकाच विषयावरचे प्रश्न जास्त आहेत : रविवारची उपासना किती आखावी आणि किती आयत्या वेळेवर सोडावी. म्हणून सगळे सदर याच विषयाला दिले आहे. पत्रांतला मजकूर आटोपशीर करून घेतला आहे.

प्रश्न : महिन्यातले दोन रविवार आमचा तरुण संघ उपासना चालवतो. माझ्याबरोबर चालवणारा भाऊ म्हणतो, सगळे आधी लिहून ठेवले की पवित्र आत्म्याला जागाच उरत नाही. गीते तो उभ्या उभ्या ठरवतो. पेटी-तबलावाले वैतागतात, वडीलजन कुरकुरतात. कोणाचे बरोबर?
— तरुण संघाची सभासद, जालना

उत्तर : भावाची ओढ खरी आहे, तिला उडवून लावू नका. पण त्याचे म्हणणे पवित्र शास्त्राला धरून नाही. करिंथकरांस पहिले पत्र, अध्याय १४ दोघांनी मिळून २६व्या वचनापासून शेवटपर्यंत वाचा. त्या मंडळीत एक जण स्तोत्र घेऊन येई, दुसरा शिक्षण, तिसऱ्याला अन्य भाषा सुचे. पत्र लिहिणारा पौल यातले काहीच बंद करत नाही. तो हद्दी घालतो : बोलणारे दोघे, फार तर तिघे, एका वेळी एकच, बसलेल्याला काही सुचले तर पहिल्याने थांबावे. थांबता येणे हेही तो प्रेरणेतच धरतो.

पुढच्या शतकातले वर्णन रोमच्या जस्टिन मार्टर यांनी इ. स. १५५ च्या सुमारास लिहून ठेवले आहे. आधी शास्त्रवाचन, मग उपदेश, मग सर्वांनी उभे राहून प्रार्थना, मग भाकर आणि प्याला, असा क्रम ठरलेला. पण प्रभुभोजनाच्या वेळी उपकारस्तुती करणारा आपल्या कुवतीप्रमाणे प्रार्थना करी आणि लोक ‘आमेन’ म्हणत. म्हणजे चौकट बांधलेली, शब्द मोकळे.

आपल्याकडचे उदाहरण केडगावच्या मुक्ती मिशनचे. १९०५ च्या जूनमध्ये तिथे जागृती झाली. मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, नेहमीचा क्रम मोडला. हे आपण पुष्कळदा सांगतो. पण पंडिता रमाबाईंनी त्याच वर्षीच्या जानेवारीत रोजची प्रार्थनासभा सुरू केली होती आणि सुमारे ७० जणी तिला नेमाने बसत होत्या, हे सांगायचे राहून जाते. जून आला तो या नेमातून.

तेव्हा वाद मिटवायला एकच कसोटी लावा. ज्या गोष्टीवर दुसऱ्या कोणाचे काम अवलंबून आहे ती आधी ठरली पाहिजे. जी फक्त तुमच्या तोंडून निघणार आहे ती मोकळी राहिली तरी चालते. गीत ठरले नाही तर पेटीवाल्याला पट्टी कळत नाही, तबलजीला ताल कळत नाही, पडद्यावर शब्द टाकणाऱ्याची धावपळ होते, आणि चष्मा शोधून पान उघडेपर्यंत आजींचे पहिले कडवे निघून जाते. शास्त्रपाठ ठरला नाही तर वाचणाऱ्याला सराव मिळत नाही. या सर्वांना रविवारी सकाळी कोड्यात टाकणे हे प्रेमाला धरून नाही. याउलट गीताआधीची दोन वाक्ये, प्रार्थनेचे शब्द, स्तब्धता किती लांबवायची, ध्रुवपद आणखी एकदा घ्यायचे की नाही, हे त्या घटकेला ठरले तरी कोणी अडत नाही.

आता कागद कसा करायचा ते पाहा. उपासना दीड तासाची असेल तर आखणी ७५ मिनिटांचीच करा. उदाहरणार्थ : आवाहन आणि पहिले गीत ७ मिनिटे, पापकबुली आणि क्षमेचे वचन ५, स्तुतिगीते १२, दोन शास्त्रपाठ ८, मध्यस्थीची प्रार्थना ६, उपदेश २२, गीत आणि अर्पण ७, सूचना ४, शेवटची प्रार्थना आणि आशीर्वाद ४. उरलेली १५ मिनिटे कोणाच्या नावावर लिहू नका. त्यांतली पाचेक गीतांत जातील. उरलेली दहा शक्यतो उपदेशानंतरसाठी राखा. वचन ऐकून कोणाला गुडघे टेकायचे असतील, कोणाला रडू आवरत नसेल, ते तेव्हाच घडते. आणि नेमके तेव्हाच आपण घड्याळाकडे पाहत सूचना वाचायला घेतो.

कागदावर चार रकाने हवेत : भाग, मिनिटे, कोण करणार, आणि ‘गाळता येईल का?’ बहुतेकांच्या कागदावर हा शेवटचा रकाना नसतो. दुसरे स्तुतिगीत आणि सूचना यांपुढे आधीच खूण करून ठेवा. मोकळी मिनिटे संपून वेळ पुढे सरकू लागली की खूण केलेले गाळायचे. नाहीतर होते असे की उपदेशाला कात्री लागते किंवा मध्यस्थीची प्रार्थना दोन वाक्यांत उरकली जाते.

कागद मंगळवारपर्यंत पाळकांना दाखवा, बुधवारी गायकांना आणि वाचणाऱ्यांना द्या, शनिवारी तासभर सराव ठेवा. गीते निवडायला मंगळवारी बसाल तेव्हा आधी प्रार्थना करून, त्या रविवारचा शास्त्रपाठ मोठ्याने वाचून बसा. आत्म्याचे मार्गदर्शन तेव्हाही मागता येते, आणि त्या भावाला या बैठकीत जरूर घ्या.

प्रश्न : मी पेटी वाजवतो. चालवणारे मधेच दुसऱ्या गीतावर जातात. पट्टी जुळत नाही, लोक वरच्या सुरात अडकतात. आयत्या वेळी गीत बदलायचेच असेल तर ते कसे सांभाळावे?
— पेटीवादक, सोलापूर

उत्तर : पहिली गोष्ट पट्टीची. एकट्या गायकाची पट्टी आणि मंडळीची पट्टी वेगळी. स्त्री-पुरुष, म्हातारे-तरुण सगळे एकत्र गातात तेव्हा वरच्या पांढरी दोनच्या (पेटीच्या वरच्या सप्तकातली दुसरी पांढरी पट्टी, इंग्रजीत D) पुढे आवाज फाटू लागतो किंवा लोक गप्प होतात. म्हणून गीताच्या पहिल्या ओळीवरून पट्टी ठरवू नका. अंतऱ्यातला सर्वांत वरचा सूर कोणता ते पाहा आणि तो वरच्या पांढरी दोनवर येईल असा सा धरा. अंतरा तार सा पर्यंतच जात असेल तर सा पांढरी दोनचा चालेल. तार रे ला स्पर्श करत असेल तर सा पांढरी एक. तार शुद्ध ग पर्यंत जात असेल तर काळी पाचपर्यंत खाली उतरावे लागेल. मग मात्र गीत मंद्रातही फार खाली जाते का ते तपासा. जात असेल तर ते मंडळीचे गीत नव्हे, गायनवृंदाला द्या.

दुसरी गोष्ट, राखीव यादी. नेहमीच्या, लोकांना पाठ असलेल्या बारा गीतांची एक यादी करा. प्रत्येकापुढे गीतपुस्तकातला क्रमांक, सा आणि ताल लिहा. तिची एक-एक प्रत चालवणारा, पेटी, तबला आणि पडदा सांभाळणारा यांच्याजवळ असावी. ठरलेले गीत बदलावेसे वाटले तर बदल या बारांतूनच होईल, एवढा करार चालवणाऱ्याशी करा. त्याला पुरेसे स्वातंत्र्य राहते आणि तुमची बोटे हवेत राहत नाहीत.

तिसरी, जोडणी. न थांबता एका गीतातून दुसऱ्यात जायचे तर सा एकच हवा आणि ताल एकच हवा. भजनी किंवा केरवा या आठ मात्रांतून दादऱ्याच्या सहा मात्रांत तबला चालू ठेवून उडी मारली की हमखास गोंधळ होतो, कारण लोक टाळ्या जुन्याच वजनाने वाजवत राहतात. अशा वेळी तबला थांबवा, पेटीवर नुसता सा धरा, नव्या गीताची पहिली ओळ तालाशिवाय म्हणू द्या आणि तबल्याला समेवर येऊ द्या. पट्टी बदलायची असेल तर गीतांच्या मधोमध नको, शास्त्रपाठ किंवा प्रार्थनेच्या आड बदला. तबला एका सुराला लावलेला असतो. अर्ध्या सुराचा फरक हातोडीने निभावतो. त्याहून जास्त ठोकाठोक केली की पुडीवर, म्हणजे तबल्याच्या कातड्यावर, ताण येतो आणि तो उपासनाभर उतरत राहतो. दोन पट्ट्या वापरायच्या असतील तर दुसरा तबला लावून बाजूला ठेवलेला बरा. की-बोर्डवर ट्रान्सपोजचे बटन दाबून पट्टी बदलणाऱ्यांनी ते परत शून्यावर आणल्याची खात्री करावी. शेवटचे गीत भलत्याच पट्टीत सुरू होण्याचे ते नेहमीचे कारण आहे.

आणि खुणा ठरवा. एक बोट वर : ध्रुवपद पुन्हा. तळहात खाली : वाद्ये हळू, लोकांचा आवाज ऐकू द्या. मूठ बंद : या ओळीला थांबा. शनिवारी दहा मिनिटे नुसत्या खुणांचाच सराव करा. ध्रुवपद तिसऱ्यांदा घेताना चालवणाऱ्याने डोळे मिटू नयेत, लोकांकडे पाहावे. लोक गात असतील तर चौथ्यांदा घ्या. नुसते ओठ हलत असतील तर थांबा.

प्रश्न : आमच्या वाडीवरच्या मंडळीत पाळकसाहेब महिन्यातून एकदाच येतात. बाकीच्या रविवारी मी प्रार्थना चालवतो. लिहून नेली तर लोक म्हणतात, ही मनापासूनची नाही. न लिहिता केली तर भरकटते, दहा-बारा मिनिटे होतात.
— मंडळीचे वडील, संगमनेर तालुका

उत्तर : या तक्रारीमागे आपला इतिहास आहे. अँग्लिकन परंपरेत प्रार्थना छापील पुस्तकातून होत. ते पुस्तक पहिल्यांदा १५४९ मध्ये निघाले. नगर भागात काम केलेल्या अमेरिकन मराठी मिशनची परंपरा मोकळ्या प्रार्थनेची. १९७० मध्ये नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली तेव्हा दोन्ही सवयींचे लोक एका छताखाली आले. त्यामुळे तुमच्याच बाकावर पुस्तकाची प्रार्थना तोंडपाठ असणारे आजोबा असतील आणि तिला कोरडी म्हणणारे त्यांचे जावईही असतील. दोघांचीही प्रार्थना खरी आहे. स्तोत्रसंहिता लिहिलेलीच आहे आणि प्रभूने शिकवलेली प्रार्थना आपण पाठ म्हणतो.

पण तुमच्या अडचणीला मधला मार्ग आहे आणि तोही जुनाच. इंग्लंडमध्ये १६४५ मध्ये प्रार्थनापुस्तक बाजूला सारून वेस्टमिन्स्टरच्या सभेने जी मार्गदर्शिका आणली, तिने पाळकांवर शब्द न शब्द लादला नाही. प्रार्थनेत कोणकोणते विषय यावेत ते सविस्तर दिले आणि शब्द त्यांच्यावर सोपवले. तुम्हीही तेच करा. पोस्टकार्डाएवढा कागद घ्या. पहिले वाक्य आणि शेवटचे वाक्य पूर्ण लिहा, कारण भरकटणे सुरू होते ते सुरुवात सापडत नाही म्हणून, आणि लांबण लागते ते शेवट सापडत नाही म्हणून. मध्ये पाच मथळे : देश आणि राज्यकर्ते, जगभरची मंडळी, आजारी, शोकात असलेले, आपले गाव. प्रत्येकाखाली तीन-चार शब्द, जास्त नाही. एका मथळ्याला एक मिनिट धरले तरी प्रार्थना सहा मिनिटांत बसते.

समजा गावाच्या मथळ्याखाली लिहिले आहे : ‘पाऊस – दुबार पेरणी – उधारीचे बियाणे – विहिरी’. यातून प्रार्थना अशी निघेल : ‘आकाश आणि पृथ्वीच्या धन्या, पेरलेले करपून गेले आहे. दुबार पेरणीसाठी ज्यांनी बियाणे उधारीवर आणले त्यांना रात्री झोप नाही. त्यांच्या शेतावर पाऊस दे. आणि तोवर, ज्यांच्या विहिरीला पाणी आहे त्यांना शेजाऱ्याची आठवण दे.’ शब्द त्या घटकेचे, पण विषय आठवडाभर मनात फिरलेला. लोकांना मनापासूनची वाटते ती अशी प्रार्थना. तुम्ही कागद पाहिला की नाही याकडे मग कोणाचे लक्ष जात नाही.

भरकटण्याच्या जागाही ओळखून ठेवा. एक, प्रत्येक श्वासाला ‘प्रभू… प्रभू…’ येणे. पुढचे वाक्य सुचेपर्यंत देवाचे नाव टेकू म्हणून वापरले जाते; त्याऐवजी सरळ दोन क्षण गप्प राहा. दोन, देवाला बातम्या सांगणे : कुठे पूर आला, किती घरे गेली, कोण मंत्री काय म्हणाले. मागणे एका वाक्यात मागा. तीन, उपदेशाची उजळणी. चार, आणि हे सर्वांत वाईट, प्रार्थनेच्या आडून कोणाला बोल लावणे : ‘प्रभू, काही जण उशिरा येतात, त्यांना शहाणपण दे.’ ज्याला लागायचे त्याला लागते आणि तो पुढच्या रविवारी येत नाही.

‘मी’ ऐवजी ‘आम्ही’ म्हणा, कारण तुम्ही सगळ्यांच्या वतीने बोलत आहात. आजाऱ्याचे नाव त्याला किंवा घरच्यांना विचारून घ्या. आजार कोणता ते सांगू नका. प्रत्येक मथळ्यानंतर लोकांना एक ठरलेला प्रतिसाद द्या, जसे ‘प्रभू, आमची प्रार्थना ऐक’, आणि तो प्रार्थना सुरू करण्याआधी सांगून ठेवा. नुसता प्रतिसाद असला तरी झोप लागलेली मंडळी जागी राहते आणि तुम्हालाही मथळा बदलायला श्वास मिळतो.

सरावासाठी महिना-दोन महिने शनिवारी रात्री प्रार्थना पूर्ण लिहून काढा आणि रविवारी ती घरी ठेवून फक्त मथळ्यांचा कागद न्या. आपल्या भागातल्या ख्रिस्ती कीर्तनकारांची तयारी अशीच असे : पदे पाठ, आख्यान पक्के, निरूपणातले शब्द समोरचे श्रोते पाहून.

प्रश्न : आम्ही कॅथलिक. धर्मग्रामाच्या युवा गटाकडे मिस्सेची तयारी येते तेव्हा फादर म्हणतात, यात काही बदलता येत नाही. मग आमच्यासाठी मोकळे असे काय उरते?
— युवा गट, वसई

उत्तर : फादरांचे म्हणणे नियमाला धरून आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनाविधीवर जो दस्तऐवज काढला, त्यात स्पष्ट आहे की कोणीही, धर्मगुरूनेसुद्धा, स्वतःच्या अधिकारात विधीत भर घालू नये, काही गाळू नये, बदलू नये. पण त्याच दस्तऐवजाने शुभवर्तमान आणि प्रवचनानंतरच्या सामुदायिक विनंत्या पुन्हा सुरू केल्या. तुमची जागा ती. विनंत्यांचा क्रम नेहमी चार टप्प्यांचा : ख्रिस्तसभेच्या गरजा, राज्यकर्ते आणि जग, संकटात असलेले, आपला समाज. चार ते सहा विनंत्या, प्रत्येक एक-दोन वाक्यांची. छापील पुस्तिकेतल्या विनंत्या वाचून मोकळे होऊ नका. या आठवड्यात तुमच्या गावात काय झाले, मच्छीमारांच्या बोटी परतल्या का, कोणाच्या वाडीत पाणी शिरले, ते त्यात आले पाहिजे. शुक्रवारी लिहा, शनिवारी फादरांना दाखवा, आणि शनिवारी रात्री काही घडलेच तर एका विनंतीची जागा रिकामी ठेवा. याशिवाय गीतांची निवड, मिस्सा सुरू होतानाचे दोन-तीन वाक्यांचे निवेदन आणि वाचनांनंतरची स्तब्धता. ही स्तब्धता विधीचाच भाग आहे आणि घाईत सर्वांत आधी तीच गाळली जाते.

प्रश्न : साक्ष (देवाने आपल्यासाठी काय केले ते सर्वांसमोर सांगणे) द्यायला मोकळा वेळ दिला की एकच जण वीस मिनिटे बोलतो. बंद केले तर लोक नाराज होतात.
— पास्टर, पिंपरी-चिंचवड

उत्तर : बंद करू नका, पौलाचा आकडा घ्या : दोघे, फार तर तिघे. प्रत्येकी तीन मिनिटे, हे सुरुवातीलाच सर्वांना सांगा. माइक बोलणाऱ्याच्या हातात देऊ नका. तो तुम्ही धरा आणि शेजारी उभे राहा. माइक तुमच्या हातात असला की तीन मिनिटांनी ‘देवाचे आभार मानू या’ म्हणत तो आपल्याकडे वळवणे सोपे जाते आणि कोणाचा अपमान होत नाही. एक साक्ष आठवड्यातच ठरवून ठेवा, शक्यतो कमी बोलणाऱ्या बहिणीची. तिने नीट, मोजके सांगितले की पुढचेही तसेच बोलतात. दुसरी जागा खरोखर मोकळी ठेवा आणि कोणी उठले नाही तर अवघडून न जाता गीताकडे वळा.

तीन गोष्टी मात्र साक्षीत येऊ देऊ नका : दुसऱ्याच्या पापाची हकीकत, पैशाचा व्यवहार, आणि ‘मी गोळ्या बंद केल्या’. शेवटच्या गोष्टीबद्दल आम्ही आग्रही आहोत. देव बरे करतो असा आपला विश्वास आहे. पण ते ऐकून मधुमेहाच्या किंवा फिटच्या एखाद्या रोग्याने औषध सोडले तर जिवावर बेतते. अशी साक्ष झालीच तर तिथल्या तिथे, प्रेमाने, ‘डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणी औषध थांबवू नये’ हे माइकवरून सांगा.

प्रश्न : शनिवारी रात्री मंडळीतला एक तरुण अपघातात गेला. रविवारचा कागद तयार होता, पहिलेच गीत आनंदाचे होते. आम्ही ते तसेच चालवले, फार विचित्र वाटले. काय बदलायला हवे होते?
— उपासना समिती, मिरज

उत्तर : कमीत कमी बदलावे, पण सुरुवात बदलावीच. पहिल्या दोन मिनिटांत नाव घेऊन बातमी सांगा, अंत्यविधीची वेळ सांगा, प्रार्थना कोणत्या टप्प्यावर होईल तेही सांगा. कोणाला उपासनेतच पहिल्यांदा कळणार असेल तर त्या नातेवाइकांना आधी बाहेर गाठून सांगा. मग स्तोत्र १३ किंवा १३० वाचा. दोन्ही लहान आहेत, सावकाश वाचूनही दीड मिनिटात होतात, आणि दोन्हींत तक्रार आहे. त्यानंतर अर्धा मिनिट स्तब्धता. ‘आपण अर्धा मिनिट शांत राहू’ असे आधी म्हणा, नाहीतर लोकांना वाटते तुम्ही पुढचे विसरलात. घड्याळ न पाहता सात सावकाश श्वास मोजा. आनंदाचे गीत गाळा किंवा संथ गीताशी अदलाबदल करा. शास्त्रपाठ आणि उपदेश पाळकांनी स्वतः बदलायचे ठरवले नाही तर तसेच ठेवा. रात्रीतून केलेला नवा उपदेश बहुधा ‘देवाने असे का केले’ याच्या उत्तराकडे घसरतो, आणि त्या सकाळी ते उत्तर कोणाला ऐकवत नाही.

म्हणूनच प्रत्येक उपासना समितीकडे अशा दिवसासाठी तीन संथ गीते आणि दोन स्तोत्रे कायमची लिहून ठेवलेली असावीत. दुःखाच्या रात्री गीतपुस्तक चाळत बसवत नाही.

प्रश्न : प्रभुभोजनाच्या वेळी गीते कमी पडतात, मग शांतता पसरते आणि गायक एकमेकांकडे पाहतात.
— गायनवृंद, अहिल्यानगर

उत्तर : हिशेब करा. १२० जण घेणारे असतील आणि कठड्याशी एका वेळी १२ जण गुडघे टेकत असतील तर दहा पंगती. एका पंगतीला भाकर, प्याला आणि उठण्या-बसण्यासह तीन मिनिटे लागतात. म्हणजे अर्धा तास. चार कडव्यांचे गीत साडेचार-पाच मिनिटांचे. दोन गीते घेऊन बसलात तर वीस मिनिटे रिकामी राहणारच. सहा गीते घ्या, किंवा चार गीते आणि मधून नुसती पेटी. गीते छोट्या ध्रुवपदाची, पाठ असलेली घ्या, कारण पुढे चालत येणाऱ्याच्या हातात पुस्तक नसते. कठड्याजवळच्या सेवकाने शेवटची पंगत बसली की तुम्हाला खूण करावी. तुम्ही चालू कडवे संपवून ध्रुवपदावर थांबा, गीत पूर्ण करण्याचा हट्ट नको. आणि वादकांनी पहिल्या पंगतीत घ्यावे. शेवटी घेऊ म्हटले की तबलजी राहून जातो.

प्रश्न : वीज गेली की पडदा बंद, की-बोर्ड बंद, आणि उपासना ठप्प.
— बीड जिल्हा

उत्तर : पेटी कायम जागेवर असू द्या, दर दोन बाकांमागे एक गीतपुस्तक ठेवा, आणि राखीव यादीतली बारा गीते अशीच निवडा की ती पडद्याशिवाय म्हणता येतील. चालवणाऱ्याने ओळ आधी सांगायची आणि लोकांनी म्हणायची ही जुनी रीतही तरुणांना शिकवून ठेवा. वीज असतानाही महिन्यातून एक गीत तसे घ्या म्हणजे सवय राहील.

प्रश्न : मी सगळे मिनिटामिनिटाने आखते. उपासना वेळेत संपते, पण शाळेच्या स्नेहसंमेलनासारखी वाटते असे पाळकीणबाई म्हणाल्या. काय चुकते?
— उपासना चालवणारी भगिनी, नाशिक

उत्तर : बहुतेक जोडवाक्ये चुकत असावीत. ‘आता आपण पुढील गीताकडे वळू या’, ‘यानंतर आपले बंधू शास्त्रपाठ वाचतील’, ‘खूप सुंदर गीत झाले’ अशी वाक्ये मोजून पाहा. एका उपासनेत पंधरा-वीस निघतील. त्यांतली निम्मी सरळ काढून टाका. वाचणारा आधीच पुढे येऊन उभा राहिला तर त्याचा परिचय लागत नाही. गीताचा क्रमांक दोनदा सांगा, पान उघडायला पंधरा-वीस सेकंद द्या आणि सुरू करा. जिथे बोलायचेच आहे तिथे वचनातला एक शब्द उचलून पुढच्या गीताला जोडा. पापकबुलीनंतर क्षमेचे वचन वाचलेत, तर ‘देव विश्वसनीय आहे’ एवढेच म्हणून गीत घ्या. आणि आखणीत प्रत्येक शास्त्रपाठानंतर ‘थांबा, तीन श्वास’ असे लिहा. तुमचा स्वभाव कागद पाळण्याचा आहे, म्हणून थांबणेही कागदावरच लिहून ठेवा.